पोलादाला ‘तात्पुरतं’ कळत नाही

साखर कारखान्याच्या किंवा एखाद्या रासायनिक कारखान्याच्या कुंपणाशेजारून जाताना उंच सांगाड्यांवरून धावणाऱ्या पाइपांच्या रांगा आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. त्यांतला एखादा, चकचकीत पत्र्यात गुंडाळलेला जाडजूड पाइप सरळ जाता जाता मध्येच काटकोनात वळतो, चार-सहा फूट बाहेर जातो, पुन्हा वळतो आणि घोड्याच्या नालेसारखा वळसा घालून परत आपल्या मूळ रेषेवर येतो. वाटेत झाड नसतं, खांब नसतो, भिंत नसते. मग हा वळसा कशासाठी? सरळ नेला असता तर पाइप वाचला असता, वेल्डिंग वाचलं असतं, पैसेही वाचले असते.

या वळशामागे एक अख्खं शास्त्र आहे. पाइपांवर किती ताण येतो, कुठे येतो आणि तो त्यांना सोसेल का, हे आधी मोजून ठरवण्याचं शास्त्र. कारखान्यांत त्याला ‘पाइप स्ट्रेस अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. मी कलाशाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. पण हा विषय समजून घ्यायला कवी असण्याची अडचण होत नाही. उलट सुरुवात एका सुरेख शब्दापासूनच होते.

आपण रोजच्या बोलण्यात ‘ताण’ म्हणतो. मराठी विज्ञानग्रंथांत त्यासाठी ‘प्रतिबल’ हा शब्द आहे. प्रति म्हणजे उलट, उत्तरादाखल. वस्तूवर बाहेरून बल लावलं की वस्तू आतून उत्तर देते. हे उत्तर तिच्या दर चौरस सेंटिमीटरला किती द्यावं लागतं, त्याचं माप म्हणजे प्रतिबल. एकच पाण्याची घागर सुतळीला टांगली आणि दोरखंडाला टांगली, तर घागर तीच, वजन तेच. पण सुतळीच्या वाट्याला आलेलं प्रतिबल कितीतरी मोठं. म्हणून ओझं किती, एवढं विचारून भागत नाही. ते कोण पेलतंय आणि कुठे पेलतंय, हेही विचारावं लागतं.

पाइपांसाठी वापरलं जाणारं साधं पोलाद दर चौरस सेंटिमीटरला साधारण २४०० किलोपर्यंतचं प्रतिबल सोसून पुन्हा मूळ आकारात येतं. त्यापुढे गेलं की ते कायमचं ताणलं जातं किंवा वाकतं. आणखी पुढे तुटतं. हिशेब करणाऱ्याला या सीमेच्या बऱ्याच अलीकडे थांबायचं असतं.

दाब, वजन आणि उष्णता

पाइपावर ताण आणणाऱ्या मुख्य गोष्टी तीन. पहिली म्हणजे आतला दाब. हिचा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल इतका सोपा आहे. समजा, पाइपाचा व्यास ५० सेंटिमीटर आहे, भिंत १ सेंटिमीटर जाड आहे आणि आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ९ किलो आहे. दाबाला व्यासाने गुणायचं आणि जाडीच्या दुपटीने भागायचं. उत्तर येतं २२५ किलो. पोलादाच्या सहनशक्तीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी! हा आकडा कृपया ध्यानात ठेवा, पुढे तो आपल्याला भेटणार आहे.

दुसरी गोष्ट वजन. पाइपाचं स्वतःचं, आतल्या द्रवाचं, वरच्या आवरणाचं, मधल्या व्हॉल्व्हचं. दोन आधारांमधलं अंतर वाढलं की पाइप तुळईसारखा मध्ये झोळ देतो. त्यासाठी ठरावीक अंतरावर टेकू द्यायचे, जड व्हॉल्व्हजवळ जास्तीचा आधार द्यायचा. वारा, भूकंप किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह एकदम उघडल्यावर बसणारा उलटा झटका, ही अधूनमधून येणारी ओझीही याच हिशेबात धरतात.

तिसरी गोष्ट उष्णता, आणि खरी मेख इथेच आहे.

गावाकडे बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान घेराची करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवतात. तापून ती फुगली की सांडशीने उचलून चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. थंड होताना धाव आकसते आणि चाकाचे सगळे सांधे कडकडून आवळून टाकते. धावेला आकसायचं असतं आणि लाकूड तिला पुरतं आकसू देत नाही. या अडवणुकीतून केवढं बळ उभं राहतं, ते वर्षानुवर्षं दगडधोंड्यांतून चालणारं चाक सांगतं.

पाइपाचं तेच, फक्त उलट. वाफ आली की पाइपाला लांब व्हायचं असतं. पोलादाचा एक मीटर लांबीचा पाइप १०० अंश सेल्सिअसने तापला की साधारण १.२ मिलिमीटरने वाढतो. दिसायला किती क्षुल्लक! पण त्याची दोन्ही टोकं पक्की जखडून टाकली आणि बाजूला वाकायलाही वाव दिला नाही, तर या १.२ मिलिमीटरच्या अडवणुकीने आत उभं राहणारं प्रतिबल होतं दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २४०० किलो. म्हणजे थेट सहनशक्तीच्या उंबरठ्यावर. तेही फक्त १०० अंशांत!

इथे दोन गोष्टी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चकित करतात. पाइप एक मीटरचा असो की शंभर मीटरचा, दोन्ही टोकं जखडलेली असली की हे प्रतिबल तेवढंच राहतं. आणि पाइप जाड घेतल्यानेही ते कमी होत नाही. जाड पाइप आधारांना आणि यंत्रांना उलट अधिक जोराने रेटतो. दाबावर जाडी हा इलाज आहे, उष्णतेवर नाही. उष्णतेवर इलाज एकच, पाइपाला हलू देणं. मघाचा तो नालेसारखा वळसा त्यासाठी असतो. सरळ भाग लांबला की वळशाचे दोन पाय एकमेकांकडे झुकतात आणि वाढ पोटात घेतात.

आपल्या साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांत दर चौरस सेंटिमीटरला ६७ किंवा ८७ किलो दाबाचे बॉयलर असतात आणि वाफेचं तापमान ५०० अंशांच्या आसपास असतं. एवढ्या तापमानाला प्रत्येक मीटर पाइप सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. बॉयलरपासून टर्बाइनपर्यंतचं अंतर ५० मीटर धरलं, तर वाढ झाली ३० सेंटिमीटर. एक फूट! तो फूटभर पाइप कुठे जाणार, याची सोय आधी केली नाही तर तो स्वतःची सोय स्वतःच करून घेतो. टर्बाइनचं तोंड रेटतो, फ्लँजचा सांधा उघडतो किंवा आधारावरून उतरतो. माझे मामू साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये फिटर होते. हंगामाचा बॉयलर पेटला की लाइन गरम होत असताना ते खालून वर बघत फिरायचे. कुठला पाइप टेकूवरून उचलला गेलाय, कुठे घासतोय, कुठली स्प्रिंग अजून पिन काढायची राहिलीय, ते बघायला. लांबी-रुंदीची सूत्रं त्यांना येत नव्हती, पण गरम पाइप चालतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हट्टी वजन, समजूतदार उष्णता

वजन आणि उष्णता यांच्या स्वभावात एक मोठा फरक आहे. वजन हट्टी आहे. पाइप वाकला म्हणून ते कमी होत नाही. तो मोडेपर्यंत वजन तेवढंच राहतं. उष्णतेचा ताण मात्र समजूतदार. पाइपाने एखाद्या ठिकाणी जराशी माघार घेतली की तो उतरतो. म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन नियमावलीत, बी-३१ या मालिकेत, दोन्ही ताणांना वेगवेगळ्या मर्यादा आहेत. वजन आणि दाब यांच्यासाठी कडक, उष्णतेसाठी त्याहून सैल.

पण सैल म्हणजे मोकाट नव्हे. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुढे-मागे, पुढे-मागे वाकवत राहिलं की कट्‌कन तुटते. कारखाना चालू झाला की पाइप तापतो, बंद पडला की निवतो. हे फेरे मोजावे लागतात. अमेरिकेत लुइव्हिल शहरातल्या ट्यूब टर्न्स कंपनीत ए. आर. सी. मार्कल या अभियंत्याने १९४० आणि १९५० च्या दशकांत पाइपांचे बाक आणि फाटे गळती लागेपर्यंत पुन्हा पुन्हा वाकवून बघितले. आजच्या नियमावलीतला हिशेब त्याच कामावर उभा आहे. त्यातला पायाभूत आकडा आहे ७००० फेऱ्यांचा. रोज एकदा तापणं-निवणं धरलं, तर साधारण वीस वर्षं.

मार्कलच्या कामातून आणखी एक गोष्ट ठसठशीत झाली. ताण सगळीकडे सारखा नसतो. बाक वाकताना त्याचा गोल छेद चपटा होऊ लागतो. रबरी नळी वाकवून बघा, म्हणजे कळेल. त्यामुळे बाकात ताण एकवटतो. जिथे एका पाइपातून दुसरा फुटतो, त्या ‘टी’च्या सांध्यावरही तो एकवटतो. अशा जागांसाठी सरळ पाइपाच्या उत्तराला ठरावीक गुणकाने गुणावं लागतं. पाइपाला लवचिकपणा देतो तोही बाकच आणि जास्त झिजतो तोही बाकच. घरातल्या सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या माणसासारखं आहे हे.

फ्लिक्सबरोचा जोडपाइप

एवढा हिशेब करायचा कशाला, पाइप दणकट आहे, दाब सोसतो, बस झालं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी पन्नासेक वर्षांपूर्वीची एक घटना सांगतो. ती इंग्लंडमधली आहे.

लिंकनशर परगण्यात ट्रेंट नदीकाठी फ्लिक्सबरो नावाचं खेडं आहे. तिथे नायप्रो कंपनीच्या कारखान्यात नायलॉनसाठी लागणारा कॅप्रोलॅक्टम हा पदार्थ तयार होई. त्यासाठी सायक्लोहेक्झेन हा पेट्रोलसारखाच ज्वालाग्राही द्रव सहा मोठ्या रिअ‍ॅक्टरमधून ओळीने वाहत जाई. तापमान १५५ अंश, दाब दर चौरस सेंटिमीटरला ८.८ किलो. हा द्रव एरवी ८१ अंशांनाच उकळतो. म्हणजे १५५ अंशांना तो केवळ दाबामुळे द्रव राहिलेला. वाट मिळाली की क्षणात त्याचा ढग होणार.

रिअ‍ॅक्टर पायऱ्यांसारखे मांडलेले होते. प्रत्येक पुढचा आधीच्यापेक्षा १४ इंच खाली. त्यांची २८ इंची तोंडं एकमेकांना बेलोजने जोडलेली होती. बेलोज म्हणजे पोलादी घड्यांचा छोटा तुकडा, आपल्या बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा. तापल्यावर रिअ‍ॅक्टर हलतील, ती हालचाल या घड्यांनी पोटात घ्यायची.

२७ मार्च १९७४ रोजी पाचव्या रिअ‍ॅक्टरमधून गळती दिसली. तपासलं तर सुमारे सहा फूट लांबीची भेग. ठरलं की पाचवा रिअ‍ॅक्टर काढून टाकायचा आणि चौथ्यापासून सहाव्यापर्यंत जोडपाइप टाकून उत्पादन पुन्हा सुरू करायचं. भेग का पडली, बाकीच्या पाचांत तशी आहे का, हे नीट तपासायला कुणी थांबलं नाही.

२८ इंची पाइप हाताशी नव्हता. २० इंची होता. एवढ्या पाइपातून लागेल तेवढा द्रव जाईल का, याचा हिशेब केला. जाईल, असं उत्तर आलं. सरळ पाइप म्हणून तो आतला दाब सोसेल का, हेही पाहिलं. सहज सोसेल, असं उत्तर आलं. आपला मघाचा २२५ किलोंचा आकडा आठवा. तो असाच निश्चिंत करणारा असतो. हिशेब इथे संपला.

पण हा पाइप सरळ नव्हता. चौथ्याचं तोंड वर आणि सहाव्याचं १४ इंच खाली. म्हणून त्याला दोन ठिकाणी कोन देऊन उतरता केला होता, कुत्र्याच्या मागच्या तंगडीसारखा. त्याचा आराखडा कागदावर नव्हता. कार्यशाळेच्या फरशीवर खडूने पूर्ण आकारात रेघा मारल्या होत्या, तोच आराखडा. दोन्ही टोकांना बेलोज तसेच ठेवले. आणि आधार म्हणून खाली उभी केली बांधकामाची परांची.

आता बेलोजचा एक गुण बघा. आत दाब असला की पेटीच्या भात्यासारखा तो उघडू बघतो आणि समोरच्याला ढकलतो. २८ इंची तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ४००० चौरस सेंटिमीटर. त्यावर ८.८ किलो दाब. म्हणजे दर टोकाला सुमारे ३५ टनांचा रेटा! दोन माणसांनी एका ओंडक्याला दोन टोकांकडून समोरासमोर रेटलं आणि दोघे एका रेषेत असले तर ओंडका जागचा हलत नाही. पण एक जरा वर आणि दुसरा जरा खाली असला की ओंडका फिरतो. त्या जोडपाइपाचं हेच झालं होतं. दोन टोकांचे दोन रेटे, मध्ये १४ इंचांचं अंतर. पाइप सतत फिरू बघत होता आणि घड्यांना पिळत होता. खालची परांची त्याचं वजन पेलू शकत होती, त्याचं फिरणं अडवू शकत नव्हती. असे दोन बेलोज एका रेषेत नसलेल्या पाइपाला पुरेशा आधाराशिवाय लावू नयेत, असं बेलोज बनवणाऱ्या कंपनीच्या मार्गदर्शिकेत लिहिलेलं होतं. ती कुणी उघडली नाही.

पाइप बसवल्यावर चाचणी झाली, ९ किलो दाबाला. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडणार होता ११ किलोंना. म्हणजे कारखाना चालू असताना दाब जिथवर चढू शकत होता, तिथवर पाइप कधी तपासलाच गेला नाही. आणि हे सगळं सुचवू शकला असता, अशा मुख्य यांत्रिकी अभियंत्याची जागा त्या वर्षाच्या सुरुवातीपासून रिकामी होती. बाकीचे वरिष्ठ अधिकारी रसायन अभियंते होते, आपापल्या कामात हुशार. पाइप वाहतो कसा, हे त्यांना उत्तम कळत होतं. तो ढकलतो, फिरतो, पिळला जातो, हा प्रश्नच त्यांच्या मनात उठला नाही.

१ एप्रिलला कारखाना सुरू झाला. दोन महिने जोडपाइपाने काम केलं. १ जून १९७४, शनिवार, दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी प्रचंड स्फोट झाला. २८ माणसं गेली. त्यांतली १८ नियंत्रण कक्षात होती. आवारातले ३६ जण जखमी झाले, आसपासच्या सुमारे १८०० घरांचं नुकसान झालं, आग दहा दिवस धुमसत राहिली. कामाचा नेहमीचा दिवस असता तर आवारात शेकडो माणसं असती.

रॉजर पार्कर यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी न्यायालयाने १९७५ मध्ये अहवाल दिला. जोडपाइप फाटून सायक्लोहेक्झेनचा ढग बाहेर पडला आणि तो पेटला, असा त्याचा निष्कर्ष होता. नेमकं आधी काय फुटलं, यावर अभियंते पुढे अनेक वर्षं वाद घालत राहिले. जोडपाइपाच्या ताणाचा हिशेब झालाच नव्हता, याविषयी मात्र वाद नाही.

आज काय बदललं?

हा हिशेब आज संगणक काही मिनिटांत करतो. पुण्या-मुंबईच्या डिझाइन ऑफिसांत अनेक तरुण-तरुणी हेच काम करतात. पाइपलाइनचे शेकडो बिंदू पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा व्यास, जाडी, धातू, तापमान, दाब भरायचा, कुठे जखडलंय, कुठे सरकू दिलंय, कुठे स्प्रिंगवर टांगलंय ते सांगायचं. मग यंत्र प्रत्येक बिंदूचं प्रतिबल, आधारांवरचं ओझं आणि पंपाच्या तोंडावर पडणारा रेटा काढून देतं. मर्यादा ओलांडलेली जागा दाखवून देतं.

पण संगणक सांगितलेल्या पाइपाचा हिशेब करतो, बसवलेल्या पाइपाचा नव्हे. आराखड्यात सरकता दाखवलेला टेकू जागेवर कुणी वेल्ड करून टाकला, स्प्रिंगची वाहतुकीसाठी घातलेली पिन काढायची राहिली, नंतर कुणी मध्येच जड व्हॉल्व्ह बसवला, तर कागदावरचं उत्तर खोटं ठरतं. म्हणून चांगले अभियंते लाइन गरम असताना तिच्याबरोबर एक फेरी मारतात. माझे मामू मारायचे तशीच.

फ्लिक्सबरोनंतर रासायनिक उद्योगात एक शिस्त हळूहळू रुजली. चालू कारखान्यात लहानसा बदल करायचा असला, तरी तो लेखी मांडायचा आणि त्या विषयातल्या जाणकाराकडून तपासून घ्यायचा. बदल चार दिवसांपुरता असला तरीही. मोठ्या कारखान्यांत ही शिस्त पाळली जाते. छोट्या वर्कशॉपमध्ये, बंद पडलेली लाइन रात्रीत चालू करायची घाई असताना, तिचा विसर पडतो. आणि ‘सध्या चालवून घेऊ, नंतर बघू’ हे वाक्य आपल्याकडे किती सहज येतं, ते मी सांगायला नको.

अशा वेळी पाना हातात घेतलेल्या माणसाने चार प्रश्न विचारावेत. त्यांना पदवी लागत नाही. हा तुकडा गरम झाला की कुठे सरकेल? त्याला ढकलणारं बळ कुठून येईल आणि ते कोण अडवेल? खालचा टेकू फक्त वजनासाठी आहे की हालचालीसाठीही? आणि याचं उत्तर ज्याला येतं, त्या माणसाला आपण विचारलंय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर लाइन बंद ठेवावी. फ्लिक्सबरोचा तो जोडपाइप तात्पुरता होता, हे कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त पोलादाला ते कुणी सांगू शकत नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)